रिकामा राहिलेला चौकोन

८ जानेवारी, गुरुवार

वन्संचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले. खुब्याचं हाड मोडलं होतं, सळई घातली आहे. त्यांच्या मुलाला, कौस्तुभला ऑफिसातून सुट्टी नाही, सून मानसीची शाळेतली नोकरी आणि घरात लहान मूल. तेव्हा आईजवळ दिवसभर बसायचं काम मामीकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. बेहालाहून बस आणि पुढे ऑटो, सव्वा तास लागतो. सकाळी आठच्या आत पोचायचं, संध्याकाळी साडेसातला निघायचं. रात्री नातेवाइकांना थांबू देत नाहीत. घरी माझी वाट बघणारं कुणी नाही, त्यामुळे मला जमण्यासारखं आहे.

ही वही मुद्दाम आणली. यांच्या शेवटच्या आजारात डॉक्टर विचारायचे, ताप कधीपासून, लघवी कधी झाली, गोळी किती वाजता दिली. मला एकाचंही नीट उत्तर देता यायचं नाही. सव्वातीन वर्षं झाली, पण ती उत्तरं न देता येणं अजून गेलेलं नाही. म्हणून या वेळी वेळेसकट लिहायचं.

आज: ८.०५ नर्स आली, ताप बघितला. १.१० गोळ्या. ४ वाजता कूस बदलली, वन्सं ओरडल्या. नर्सचं नाव नूपुर. चेहऱ्यावर हसू नाही. वन्सं म्हणाल्या, "ही सुई देते का सूड घेते?"

१० जानेवारी, शनिवार

नूपुर वाईट नाही. शीर शोधताना बोटानं दोनदा चाचपते आणि एकदाच टोचते. बाकीच्या तीन-तीनदा टोचतात.

आज दुपारी ती भिंतीला टेकून उभी होती तेव्हा विचारलं, ड्यूटी किती तासांची? म्हणाली, "बारा, मासिमा. पुढच्या मुलीला सगळं समजावून द्यायचं धरलं तर तेरा." मग जायला तास, यायला तास. हावड्याला राहते, नदी ओलांडून फेरीबोटीनं येते. मला मासिमा म्हणते, म्हणजे मावशी.

"आठ तासांची मागून घेत नाहीस?"

"पूर्वी आठचीच होती. बारा केली तेव्हा आम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या. चार दिवस काम, तीन दिवस सुट्टी, घरी जाता येईल म्हणून."

"मग?"

"सुट्टीच्या दिवशी फोन येतो ना."

या मजल्यावर अठ्ठावीस खाटा आहेत. मी मोजल्या. दिवसा नर्स चार, कधी तीन. आया वेगळ्या, पण त्या सुईला हात लावत नाहीत.

मी सातवीपर्यंत शिकलेली. यांच्या बँकेच्या बदल्या, दर तीन वर्षांनी नवं गाव, ओळख होईपर्यंत बोलायला पुस्तकंच असायची. त्यातून वाचायची सवय लागली ती लागलीच. इंग्रजी हळूहळू वाचते. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला कागद आज पूर्ण वाचला. वन्सं म्हणाल्या, "कालिंदी, तू काय इन्स्पेक्टर आहेस इथली?"

१२ जानेवारी, सोमवार

वन्संची साखर वाढली आहे. आजपासून तिन्ही जेवणांआधी इन्सुलिन. नूपुरनं मला समजावलं. आधी बोटाला टोचून साखर बघायची, आकडा कागदावर लिहायचा. मग सुई. मग त्याच ओळीतल्या चौकोनात सही. नंतर अर्ध्या तासाच्या आत जेवण.

"सही आधी का नाही करायची?"

"केली आणि तेवढ्यात कुणी हाक मारली तर? सुई राहील, सही होईल. दिल्याशिवाय सही नाही."

मला हे पटलं.

१३ जानेवारी, मंगळवार

नूपुर सकाळी ८.१० ला आली. केस ओले, डोकं नीट पुसलेलंही नव्हतं. बोटीला फार गर्दी होती म्हणे, गंगासागरला निघालेली माणसं सगळीकडे. संक्रांतीला गावाकडच्या मुली घरी जातात, पिठे-पुलीच्या गोडाधोडासाठी. आज मजल्यावर तिघीच.

संध्याकाळी ७.३० ला मी निघाले तेव्हा ती टेबलाशी फोनवर बोलत होती. रात्रीची मुलगी येणार नाही असं काहीतरी. मी हात केला, तिनं बघितलं नाही.

घरी येऊन तिळाचे लाडू केले. तीन वर्षं केले नव्हते. गुळाचा पाक जरा जास्त झाला.

१४ जानेवारी, बुधवार. सकाळी ८.३०

संक्रांत. हळदीकुंकू मी करत नाही, तिळगूळ द्यायला काय हरकत आहे? डबा घेऊन ७.४० ला पोचले. नूपुर होती. कपडे कालचेच, खिशावर काल सांडलेल्या चहाचा डाग तसाच. म्हणजे काल सकाळी आठपासून ती इथेच आहे.

"झोपलीस का गं?"

"खुर्चीत थोडी. बदली दुपारपर्यंत येईल म्हणाल्यात."

८.०५ वन्संची साखर बघितली, २६८, लिहिली. ८.१० सुई दिली. वन्संनी "आई गं" म्हटलं, नेहमीसारखं. नूपुरनं लिहायला पेन उघडलं तेव्हा मी ते तिच्या हातातून काढूनच घेतलं. म्हटलं, लिहिणं कुठे पळून जातंय? आधी हात पुढे कर. आमच्यात आज उभ्या माणसाला गोड दिल्याशिवाय सोडत नाहीत. ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. लाडू कडक आहे म्हणाली, डोळे मिटून चावत राहिली. मला वाटलं उभ्या उभ्या झोपते की काय. तेवढ्यात बाराव्या खाटेची घंटा वाजली आणि पळाली. पेन माझ्याकडेच राहिलं.

बरं वाटलं. कुणीतरी त्या मुलीला चार शब्द गोड बोलायला हवे होते.

सकाळी ९.५०

विमा कंपनीच्या कागदावर शिक्का हवा होता म्हणून ८.४५ ला खाली गेले, आत्ता आले. वन्संचा नाश्ता उशिरा आलेला दिसतो. दोन चमचे उपमा खाऊन बशी सारलेली. म्हटलं खा, तर म्हणाल्या, "भूक नाही. तुझी ती लाडकी परत टोचून गेली. चाळणी केली माझी." वन्संना कूस बदलली तरी टोचल्यासारखं वाटतं. मी नाद सोडला.

सकाळी १०.४०

वन्सं झोपल्या. पाच रात्री धड डोळा लागला नव्हता, आता गाढ झोपल्यात. कपाळावर घाम आहे. थंडीच्या दिवसांत खोली कोंदट ठेवतात, दुसरं काय. शाल काढली, घाम पुसला. हाक मारली तर तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाल्या. उठवलं नाही. नाश्ता झाकून ठेवला आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

काल लिहिणं झालं नाही. आज क्रमानं लिहिते.

११.०५ ला नूपुर आत आली. निघाली होती, खांद्याला पिशवी होती, पेन मागायला आली होती. वन्संकडे बघितलं आणि पिशवी टाकली. गालावर चापट्या मारल्या, बोटाला टोचलं. साखर ३१. मग तिनं जे ओरडून सांगितलं ते मला कळलं नाही, पण सगळे धावत आले. शिरेतून साखर देत होते तेवढ्यात वन्संना आकडी आली. मी भिंतीला चिकटून उभी.

खाली नेताना नूपुर माझ्याकडे वळली. "मासिमा, सकाळी सुई दिली होती का मी?"

म्हटलं, "हो. आठ वाजून दहा मिनिटांनी. माझ्यासमोर."

तिनं कागदाकडे बघितलं. त्यावर तिचीच सव्वानऊची सही होती. ती फरशीवर बसली. मग उठली आणि स्वतःच डॉक्टरांकडे गेली. "दोनदा दिली गेली आहे, माझ्याकडून," असं तिनं सांगितलं. मी ऐकलं.

वन्सं अतिदक्षता विभागात आहेत. आज संध्याकाळी डोळे उघडले. कौस्तुभला "मनोहर" म्हणाल्या. मनोहर म्हणजे हे, त्यांचा धाकटा भाऊ. कौस्तुभ बाहेर येऊन रडला.

१६ जानेवारी, शुक्रवार

वन्संनी आज कौस्तुभला ओळखलं. मला "तू कोण, नवी का?" म्हणाल्या.

रुग्णालयाचे सुमितबाबू भेटले. मऊ बोलतात. म्हणाले, ही एका नर्सची वैयक्तिक हयगय आहे, तिला कामावरून थांबवलं आहे. तुम्ही लेखी तक्रार द्या, आम्ही नर्सिंग कौन्सिलला कळवू, तिची नोंदणी रद्द होईल. चहा पाजला.

कौस्तुभचे डोळे लाल होते. "मामी, तू तिथे होतीस. पहिली सुई तू बघितलीस. साक्षीदार म्हणून तू वेळेसकट लिहून दे. अशा बाईच्या हातात परत कुणाचा जीव जाता कामा नये."

लिहीन म्हटलं. त्याचं चुकीचं नाही. उद्या घरी बसून वहीवरून नीट उतरवते.

१७ जानेवारी, शनिवार

वही उघडली. चौदा तारीख काढली. ८.०५ साखर, ८.१० सुई, इथवर कागदावर उतरवलं. पुढची ओळ वाचली.

मीच लिहिलं आहे. मीच पेन काढून घेतलं.

चहा टाकला, तो उकळून उतू गेला. परत येऊन तेच पान वाचलं. ती सही करत होती. सही झाली असती तर सव्वानऊला तिला चौकोन भरलेला दिसला असता. वन्संनी मला सांगितलंसुद्धा, परत टोचलं म्हणून. मी नाद सोडला. घाम पुसला आणि झोपू दिलं. हे सगळं माझ्याच अक्षरात, वेळेसकट.

दुपारभर हाच विचार चालला होता की हे पान फाडलं तर कुणाला कळणार आहे. मी ते पान धरलंसुद्धा होतं. असा विचार मी केला हे इथे लिहून ठेवते.

नूपुरचं काय चुकलं हेही मला नीट कळेना. आपण दिलेली सुई माणूस तासाभरात विसरतो कसा? मग आठवलं, यांच्या शेवटच्या आठवड्यात मी दुधाची पिशवी कपाटात साड्यांवर ठेवली होती. तिसऱ्या दिवशी वासानं कळलं. ठेवल्याचं मला आजही आठवत नाही. तेव्हा मला कुणी अठ्ठावीस माणसांच्या सुया दिल्या नव्हत्या, एवढाच फरक.

१८ जानेवारी, रविवार

एका आयेकडून पत्ता घेतला आणि हावड्याला गेले. बोटीतून उतरून बरंच चालावं लागलं. लेथच्या कारखान्यांच्या मागे एक खोली, आई आणि ती. आई मला बघून दारातच म्हणाली, "आता काय घेऊन आलात?" नूपुरनं तिला गप्प केलं. स्टूल पुसून दिलं.

मी पेनचं सांगितलं. ती म्हणाली, "आठवतंय. लाडू आठवतो. सुई नाही आठवत."

"मी ते सांगणार आहे."

"नका सांगू, मासिमा. दहा जण दहा वेळा पेन काढून घेतात, तरी परत येऊन लिहायचं काम माझंच. तुमचं पेन सांगून माझी चूक कमी होत नाही."

"पण तू सत्तावीस तास उभी होतीस, ते सांग की."

तेव्हा तिनं हजेरीचं सांगितलं. सलग दोन पाळ्या करायला रुग्णालयाच्या नियमात मनाई आहे. म्हणून रात्रीची मुलगी आली नाही तर थांबलेलीनं हजेरी-वहीत न आलेलीच्या नावापुढे तिची सही करायची. सगळ्याच जणी एकमेकींसाठी करतात. वरच्यांना माहीत असतं. तेरा तारखेच्या रात्री नूपुरनंही तसंच केलं. म्हणजे कागदावर ती तेराला रात्री आठला घरी गेली, रात्रभर झोपली आणि चौदाला सकाळी आठला ताजी होऊन आली.

"दुसरीचं नाव घेतलं तर तिचीही नोकरी जाईल. आणि मीच खोटी सही केली ना? कोण विश्वास ठेवणार?"

तिची आई मला निरोप द्यायला उठली नाही. बरोबर आहे.

परतताना बोटीत बसून वही काढली. तेराला सकाळी ८.१०, नूपुर आली. संध्याकाळी ७.३०, ती तिथेच. चौदाला ७.४०, कपडे कालचेच, चहाचा डाग तोच. तिची पाळी आठला सुरू होते आणि ती मला ७.४० ला तिथे दिसली. हे फक्त याच वहीत आहे. आणि चौदाचं जे पान तिचे तास सांगतं, तेच पान माझं पेन सांगतं. एक देऊन दुसरं झाकता येत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

कौस्तुभला डमडमच्या घरी जाऊन सांगितलं. मानसी मुलाला भरवत होती, तिचा घास हातातच राहिला.

कौस्तुभनं हातातला फोन उलटा ठेवला. मग म्हणाला, "मामी, तुला मधे पडायची काय गरज होती? प्रत्येकाला लाडू!"

"नव्हती," मी म्हटलं.

"आणि घाम आला, हाक मारल्यावर बरळली, तरी तू झोपू दिलंस?"

"हो."

तो उठून गॅलरीत गेला. परत आला तेव्हा आवाज खाली होता. "ठीक आहे. तुझ्या मनात वाईट नव्हतं. पण ते पान तू देऊ नकोस. मी हात जोडतो. ते लोक ते पान धरून म्हणतील, नातेवाइकांनी अडथळा आणला, आमची जबाबदारी नाही. नर्सही सुटेल आणि ते पण सुटतील. आईचं जे झालं ते कुणाच्याच नावावर राहणार नाही."

तो म्हणतो ते खरं होऊ शकतं. एवढंच म्हटलं, "त्या मुलीच्या एकटीच्या नावावर टाकून मला झोप येणार नाही."

"आम्हाला पण पाच दिवस झोप नाही," मानसी म्हणाली. ती कधी उलट बोलत नाही.

जेवायला थांब म्हणाले नाहीत.

२१ जानेवारी, बुधवार

चौकशी झाली. खोलीत सुमितबाबू, मेट्रनबाई, एक डॉक्टर, कौस्तुभ, मी. नूपुर कोपऱ्यात, साडी नेसून. साडीत फारच लहान दिसत होती.

मी तेरा आणि चौदा तारीख वाचली. एक वाक्य मराठीत, मग तेच हिंदीत. पेनच्या ओळीशी थांबले. पाणी प्यायले आणि पुन्हा वाचलं. दुसऱ्या सुईचं वन्संनी सांगितलेलं वाचलं. घामाचंही वाचलं.

सुमितबाबू लगेच म्हणाले, "म्हणजे नोंद करताना हस्तक्षेप तुमचा होता."

"हो, माझा. तो माझ्या नावावर लिहा. आता सत्तावीस तास कुणाच्या नावावर लिहायचे ते सांगा."

"नोंदवहीप्रमाणे रात्री या ड्यूटीवर नव्हत्या."

"मग ७.४० ला त्या कालच्या डागाच्या कपड्यांत माझ्याशी कशा बोलल्या?"

"मासिमा, तुम्ही वयस्क आहात. दिवस उलटसुलट होऊ शकतात."

तेव्हा कौस्तुभ बोलला. मला अपेक्षा नव्हती. "माझ्या मामीचे दिवस उलटसुलट झाले असतील तर पहिली सुई आठ वाजून दहा मिनिटांनी दिली हेही तिनंच सांगितलंय. तुमची सगळी केस त्यावर उभी आहे. तेवढंच बरोबर कसं धरता?" माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. त्याचा राग तसाच होता, पण तो बोलला.

मग मेट्रनबाई पुढे सरकल्या. पन्नाशीच्या असतील, पायात सुजेवरचे घट्ट मोजे. त्यांनी वही मागितली. मराठी येत नाही, पण आकडे आणि नावं बोटानं बघत आठ तारखेपासूनची पानं उलटली. मग नूपुरला विचारलं, "रात्री होतीस?"

नूपुर म्हणाली, "होते. सही मी केली. तिच्या नावानं."

मेट्रनबाई सुमितबाबूंना म्हणाल्या, "हजेरी-वही मी रोज तपासते. मला माहीत होतं. हेही लिहा."



२२ जानेवारी, गुरुवार

वन्संना परत वॉर्डात आणलं. आता सगळं नीट ओळखतात. मी त्यांना स्वतः सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं.

"म्हणजे मी तिळगुळानं मरत होते," वन्सं म्हणाल्या. मग भिंतीकडे तोंड केलं. चार वाजता आयेला म्हणाल्या, "त्या बाईंना सांगा, पाणी हवंय." मी हाताच्या अंतरावर बसले होते. मी उठून दिलं.

२७ जानेवारी, मंगळवार

वन्संना घरी सोडलं. आधी माझ्याकडे बेहालाला यायच्या होत्या, तळमजला म्हणून. कौस्तुभनं डमडमला आया ठेवली आहे. गाडीत बसताना वन्सं म्हणाल्या, "रविवारी ये. डबा आणू नकोस." ये म्हणाल्या, हे मी लिहून ठेवते.

रुग्णालयाचं पत्र आलं. कौस्तुभनं फोनवर वाचून दाखवलं. नूपुरचं नाव कौन्सिलला जाणार नाही. खोट्या सहीबद्दल आणि नोंद न केल्याबद्दल महिनाभर कामावर घेणार नाहीत, नंतर दुसऱ्या मजल्यावर. मेट्रनबाईंना लेखी समज. पाळ्यांबद्दल "योग्य ती पावलं उचलली जात आहेत" एवढंच. माझ्या पेनबद्दल एक पूर्ण परिच्छेद आहे. कौस्तुभ म्हणाला, यावर आपण परत लिहू, पाळ्यांवर. "तुझ्या वहीच्या प्रती लागतील, मामी." सगळ्या पानांच्या का, विचारलं. "सगळ्या," तो म्हणाला.

दुपारी नूपुरचा फोन आला. काल मेट्रनबाईंनी तिला निकाल सांगितला. घरी येऊन पाचला आडवी झाली ती आज दुपारी एकला उठली. मधे दोनदा तिच्या आईनं नाकाशी हात धरून बघितलं म्हणे.

"आता कसं वाटतंय?" मी विचारलं.

"अजून झोप येतेय, मासिमा."

"मग झोप की. मला कशाला फोन करतेस?"

"हो," ती म्हणाली आणि फोन तसाच राहिला. पलीकडून श्वास ऐकू येऊ लागला. संथ, लांब. मी थोडा वेळ ऐकला, मग माझ्या बाजूनं बंद केला.